‘अंशतः’च्या जागी ‘हो’

मी कमी बोलतो. संस्थेत याला सभ्यपणा म्हणतात, घरी घुमेपणा. खरं नाव भित्रेपणा आहे, आणि ते माझं मलाच ठरवावं लागलं, कारण दुसऱ्या कोणी ते म्हणावं इतकं मी कधी कोणाशी बोललोच नाही.

बुलढाण्यातल्या एका शिक्षण संस्थेचा संगणक विभाग माझ्याकडे आहे. विभाग म्हणजे मी, एक गळका एसी आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत तीन सर्व्हर. संस्थेचं एक कॉलेज बुलढाण्यात, दुसरं मेहकरला आणि डोणगावला माती तपासायची प्रयोगशाळा. प्रवेश, निकाल, ग्रंथालय, मातीचे अहवाल, सगळं त्या तीन यंत्रांवर चालायचं. तीन यंत्रांवर एवढं कसं मावतं, हे ज्यांनी झेडपीच्या शाळेत एका खोलीत मधे पडदा टाकून दोन वर्ग बसलेले पाहिलेत त्यांना सांगायला नको. एका खऱ्या यंत्रात पडदे टाकून दहा खोटी यंत्रं बसवायची. प्रत्येक खोट्याला वाटतं, खोली आपल्या एकट्याची आहे. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ज्याला हे नीट जमतं त्याला आमच्याकडे ‘प्रिंटरवाले सर’ म्हणतात.

यंत्रं म्हातारी झाली होती हे खरं. पण त्यांचं मरण ठरलं ते चिखलीच्या एका लग्नात, पंगतीत. आमच्या सचिवसाहेबांच्या शेजारी दुसऱ्या कुठल्या संस्थेचे सचिव जेवायला बसले होते आणि त्यांनी मठ्ठा पिता पिता सांगितलं की आमचं सगळं आता क्लाऊडवर आहे. सचिवसाहेबांना क्लाऊड म्हणजे काय ते त्या दिवशीही माहीत नव्हतं, आजही नाही. पण दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही एवढं त्यांना ताबडतोब कळतं, आणि संस्था चालवायला एवढं ज्ञान पुरतं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. “आपलं काऊन नाही अजून?”

मी म्हटलं, “पाहावं लागेल साहेब. तीन-चार ठिकाणी मिळतं. कोणाकडे काय काय चालतं ते तपासून…”

“तपासा ना. तुलनात्मक तक्ता करा. एका कंपनीवाल्याशी मी बोललो आहे, त्याचा रकाना तिसरा ठेवा.”

तक्ता व्हायच्या आधीच तिसरा रकाना बोलून झाला होता. आमच्याकडे तुलनात्मक तक्ता असाच होतो. निर्णय आधी होतो, मग त्याला सोबत म्हणून दोन रकाने आणतात, मुलीला पाहायला जाताना भाऊ-भावजयीला नेतात तसे. त्या दोघांनी फक्त बसायचं आणि पोहे खायचे. बाकं घ्यायची असोत की पाण्याची टाकी, मी इतकी वर्षं असेच तक्ते होताना पाहिले आणि मनातल्या मनात हसलो. मनातल्या मनात हसणाऱ्याला वाटत असतं की आपण त्यातले नाही.

म्हणून या वेळी मी खरा तक्ता करायला घेतला. उगाच नाही, मला दाखवून द्यायचं होतं.

तिन्ही कंपन्या मोठ्या. गंमत अशी की पडदे टाकणारं सॉफ्टवेअर तिघांकडे एकाच कारखान्याचं, आम्ही इथे वापरत होतो तेच. यंत्र त्यांचं, जागा त्यांची, आपण भाड्याने राहायचं. मग तिन्हीकडे सारखंच मिळायला पाहिजे की नाही? मेहकर रस्त्यावर प्रत्येक ढाब्याच्या पाटीवर शेवभाजी लिहिलेली असते. ज्याने दोन ढाब्यांवर खाल्ली आहे त्याने उत्तर द्यावं.

एकाकडे चालू यंत्र न थांबवता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतं, दुसऱ्याकडे येतं पण त्यांनी हलवलं तर, आपण नाही. एकाकडे यंत्राची आजची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवता येते आणि बिघडलं तर तिथे परतता येतं, पण जपून ठेवल्याला बॅकअप समजू नका असं तेच सांगतात. मुळापर्यंतचे अधिकार तिघंही देत नाहीत. म्हणजे घर तुमचं, पण मीटरच्या खोलीची किल्ली मालकाकडे. हे सगळं त्यांच्या पानांवर हिरव्या टिकांनी लिहिलेलं असतं. टिकेच्या खांद्यावर एक बारीक तारा असतो. ताऱ्याचा माग काढत खाली गेलं की मुंगीएवढ्या अक्षरांत ‘काही मर्यादांसह’. मर्यादा कोणत्या, ते दुसऱ्या पानावर. दुसरं पान म्हणतं, आमच्या प्रतिनिधीशी बोला. प्रतिनिधी पुण्याचा निघाला. मी अगदी जपून, छापील मराठीत बोललो. दोन वाक्यांनंतर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला.

“सर, बेसिकली सब सपोर्टेड है.”

“यूएसबी?”

“सब, सर.”

“मर्यादा?”

“वो तो हर चीज में होती है ना सर.”

एवढी एकच खरी गोष्ट तो बोलला.

मी तक्त्यात तीन शब्द ठेवले: हो, नाही, अंशतः. जिथे हिरवी टिक आणि तारा, तिथे अंशतः. तक्ता पूर्ण झाला तेव्हा तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त अंशतः होते. हा बोलून झालेला रकाना. मला मनातून गोड वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्या तक्त्यातली एक ओळ यूएसबीची होती, म्हणजे यंत्राला बाहेरून काही खोचलं तर आतल्या खोट्या यंत्राला ते दिसतं का. पहिल्या दोघांत नाही, तिसऱ्यात अंशतः. ही ओळ संस्थेत कोणालाच लागणारी नव्हती. फक्त डोणगावला लागणारी होती.

डोणगावची प्रयोगशाळा माझा मित्र चालवायचा. आम्ही मेहकरला एका वर्गात होतो. तो मातीत गेला, मी संगणकात. माणूस मोठ्या आवाजाचा, भांडखोर, स्वतःवर फार खूश. शेतकऱ्याने शेताच्या एकाच कोपऱ्यातली माती पिशवीत भरून आणली की त्याच्यासमोर ती पिशवी पालथी करायचा. “पूर्ण वावराची आणजो म्हटलं होतं ना बे? हे तुह्या उकिरड्याची हाय.” लोक तरी त्याच्याकडेच यायचे, वांगी-टमाटेवाले, सोयाबीनवाले, पार लोणारकडचे. कारण त्याच्याकडचं सॉफ्टवेअर. ते मुळात कुठल्यातरी कंपनीचं होतं, पण खताचे आकडे आपल्याकडच्या काळ्या जमिनीला जुळत नाहीत म्हणून त्याने शेतंच्या शेतं फिरून, पीक निघाल्यावर पुन्हा तपासून, आतले आकडे आपल्या हाताने बसवत आणले होते. तेच त्याचं आयुष्यभराचं काम. पुस्तक लिहिलं नाही, पीएचडी केली नाही, हे केलं. आणि हे सांगायची एक संधी सोडायचा नाही. त्याच्या या बढाईचा मला कंटाळा होता. थोडा मत्सरही असेल.

ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. ते चालायचं एका अटीवर: यंत्राच्या पाठीमागे नखाएवढी एक किल्ली खोचलेली हवी. कुलपाची नाही, पेनड्राइव्हसारखी दिसणारी. ती दिसली नाही की सॉफ्टवेअर उघडतच नाही. त्याचं यंत्र मी पूर्वीच आमच्या पडद्यांत आणून बसवलं होतं आणि किल्ली बुलढाण्याच्या सर्व्हरला खोचली होती. क्लाऊडवाल्यांच्या यंत्राला किल्ली कोण जाऊन खोचणार? तिसऱ्याचं ‘अंशतः’ म्हणजे असं की किल्ली इथल्या संगणकाला लावा, आणि मधे आणखी एक सॉफ्टवेअर घालून, जमलं तर, ती तिकडे दाखवा. जमलं तर. ते जमतं का हे पाहायला दोन-चार दिवस लागले असते. मी पाहिलं नाही. तक्ता छान झाला होता आणि मी त्यावर खूश होतो.

बैठक बुलढाण्याला झाली. सगळे विभागप्रमुख, भिंतीवर प्रोजेक्टर, माझ्यापुढे संगणक. सचिवसाहेबांनी तिसरा रकाना पाहिला आणि चष्मा काढला.

“हे अंशतः काय असते?”

मी सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“तुमचं लग्न झालं का हो?”

“झालं साहेब.”

“पूर्ण झालं का अंशतः?”

हसू फुटलं. मेहकरचे प्राचार्य तर टेबलावर थापा मारून हसले, त्यांना सचिवांच्या विनोदावर हसायचा सराव आहे. मीही हसलो.

“हे पाहा, हो नाही तर नाही. दोनच. अध्यक्षांच्या पुढे हे अंशतः घेऊन जाऊ काय मी? पुसा ते.”

पुसायचं, तर काय लिहायचं? ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी ‘शोधा’च्या चौकटीत अंशतः लिहिलं, ‘बदला’च्या चौकटीत हो लिहिलं आणि ‘सगळे बदला’वर बोट ठेवलं. भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत हो-हो-हो झाला, प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणाऱ्या कारकुनासारखा. पहिल्या दोघांचे जे थोडे अंशतः होते तेही हो झाले, पण त्यांचे नाही जागच्या जागी राहिले. एका बोटाने निकाल लागला. मला कोणी धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. फक्त लोक हसले होते.

मित्र कोपऱ्यात बसला होता. तो एकटाच बोलला.

“बाकीचं मले समजत नाही बे. माह्या किल्लीचं पाहिलं ना तू?”

आणि मी म्हणालो, “हो.”

तक्त्यातला नाही, तोंडाने म्हटलेला हो. त्याने पुढे काही विचारलं नाही. मी कमी बोलतो, म्हणून मी बोलतो ते खरं असतं असं त्याला शाळेपासून वाटत आलं होतं.

तक्ता छापून आला, त्याच्या खाली सगळ्या विभागप्रमुखांनी सह्या केल्या, त्यानेही केली. चहा झाला.

सामान हलवायला उन्हाळी सुट्टी ठरली. त्याने फोनवर शिव्या घातल्या. “सुट्टी कॉलेजले असते, मातीले नसते! पेरणीच्या आधीच तं लोकं येतात. आता काऊन?” मी म्हटलं, दोन दिवसांत चालू करून देतो. जुने सर्व्हर कंपनीचा माणूस टेम्पोत टाकून घेऊन गेला, तसा करारच होता. त्याआधी मी मागच्या बाजूने ती किल्ली उपटली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. बाकी सगळं चाललं. निकाल चालला, ग्रंथालय चाललं. वर्तमानपत्रात सचिवसाहेबांचा फोटो आला, ‘संपूर्ण क्लाऊड’वर जाणारी संस्था म्हणून. फोटोत ते एका बंद लॅपटॉपवर हात ठेवून उभे आहेत.

डोणगावचं सॉफ्टवेअर उघडलं नाही. मी किल्ली इथे लावून तिकडे दाखवायचा सगळा खटाटोप केला. कधी दिसायची, कधी नाही, आणि दिसली तरी ते जुनं सॉफ्टवेअर तिला ओळखायला तयार नव्हतं. अंशतः म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं.

आता हे नीट ऐका, कारण इथपर्यंत मी फक्त मूर्ख होतो. उपाय होता. एक साधा संगणक डोणगावला ठेवायचा, त्याचं यंत्र क्लाऊडवरून खाली त्यात उतरवायचं, किल्ली मागे खोचायची. आठवड्याभराचं काम. पण ते करायचं म्हणजे ‘संपूर्ण’ क्लाऊड संपूर्ण राहत नव्हतं, आणि का राहत नाही ते कोणालातरी सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. मी डोणगावला कळवलं, सॉफ्टवेअर फार जुनं आहे, नव्या व्यवस्थेत बसत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. हिरव्या टिका लावणाऱ्यांची मी एवढी टर उडवली, त्यांच्याकडून मी एवढं तर शिकलोच होतो.

प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्यांचा ढीग लागला. मित्र कागदावर हिशेब मांडून अहवाल द्यायला लागला, पण त्याने बसवलेले आकडे त्या यंत्रात कोंडलेले होते. आठवतील तसे तो मांडायचा. एका बागायतदाराला दोनदा दोन वेगळे अहवाल गेले, तो ते घेऊन सचिवांकडे आला. लोक पिशव्या परत नेऊ लागले. ज्या माणसाने लोकांच्या पिशव्या पालथ्या केल्या, त्याच्यासमोर लोक आपल्या पिशव्या उचलून चालते झाले.

पुढच्या बैठकीत सचिवसाहेब त्याला म्हणाले, “सगळी संस्था चालून राह्यली, तुमचंच काऊन बंद? वेळेवर नवं सॉफ्टवेअर घ्याले नको? आणि तक्त्यावर तर तुमची सही हाय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता हा सांगेल काय ते, अशा नजरेने. मी समोरच्या कपातल्या चहाकडे पाहत होतो. सायीत एक मुंगी अडकली होती, ती मला अजून दिसते. त्याचा चेहरा कसा झाला ते मात्र सांगता येणार नाही, मी पाहिला नाही.

प्रयोगशाळा बंद केली. त्याला मेहकरला पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला पाठवलं. डोणगावच्या खोल्यांत संस्थेचं स्पर्धा परीक्षा केंद्र उघडलं, रिकाम्या खुर्च्या आणि भिंतीवर यशाच्या घोषणा.

दसऱ्याच्या सुमारास मी मेहकरला गेलो. धाडस वगैरे काही नव्हतं. ड्रॉवर उघडला की ती किल्ली दिसायची, आणि मी ड्रॉवर उघडणं सोडून दिलं होतं; स्टेपलरसाठी शेजारच्या टेबलावर जायला लागलो. या वयाचा माणूस स्वतःच्या ड्रॉवरला भितो, याची एक दिवस मलाच किळस आली. कॉलेज सुटल्यावर तो बसस्टँडकडे निघाला होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. अंशतःचं, हो-चं, संगणक ठेवला असता तर चाललं असतं हेही. आयुष्यात एका दमात एवढं मी पहिल्यांदाच बोललो असेन.

मला वाटलं, शिव्या घालेल. मी त्या शिव्यांसाठी तयार होऊन गेलो होतो, खरं तर त्या घ्यायलाच गेलो होतो. चार शिव्या खाल्ल्या की मोकळं होता येतं.

तो म्हणाला, “म्हणजे आकडे आहेत अजून? पुसले नाहीत?”

“आहेत. यंत्र जसंच्या तसं आहे.”

“ठीक आहे सर,” तो म्हणाला. “मग बैठकीत सांगा. माझ्यासमोर.”

बे नाही, तू नाही, मले-तुले नाही. माझ्याशी तो असं छापील बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

बैठकीत मी सांगितलं. उभं राहून, कागद न बघता. तक्ता मी बदलला, यूएसबीच्या ओळीत हो लिहिणं खोटं होतं, प्रयोगशाळा माझ्यामुळे बंद पडली, यांच्यामुळे नाही. खोलीत शांतता झाली असं लिहायला मला आवडलं असतं. मेहकरचे प्राचार्य बिस्किट चहात बुडवत होते. सचिवसाहेब म्हणाले, “बरं बरं. होते असं. एवढं मनाले नका लावून घेऊ. इतिवृत्तात घ्याची गरज नाही. पुढचा विषय?”

त्यांनी मला माफ केलं! मी कोणाची माफी मागत होतो आणि ती कोण वाटून मोकळा झाला. संस्थेत इतकं खोटं रोज पचतं की एक जण उठून खरं बोलला तर तेही त्याच पोटात, ढेकरसुद्धा न येता, जिरून जातं.

मित्र उठला. “प्रयोगशाळा उघडता की नाही, तेवढं सांगा.”

“जागा तर परीक्षा केंद्राले दिली ना भाऊ आता.”

“मग ते सॉफ्टवेअर मला द्या.”

“घेऊन जा ना. त्या जुन्याचं आपल्याले काय करायचं हाय?”

जिल्ह्यातल्या जमिनीचं एका माणसाने जन्मभर केलेलं वाचन सचिवसाहेबांनी असं रद्दीसारखं देऊन टाकलं. एकदाच त्यांच्या अडाणीपणाचा कोणाला उपयोग झाला.

पुढच्या रविवारी मी डोणगावला त्याच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत त्याने एक वापरलेला संगणक मांडून ठेवला होता. शेजारी तराजू, चाळणी, काचेच्या नळ्या, स्वतःच्या पैशाने आणलेल्या. वहिनींनी पाणी दिलं. नेहमी विचारतात तसं “लेकरं काय म्हणतात?” विचारलं नाही. मी यंत्र उतरवलं, पडदा टाकला, किल्ली मागे खोचली. दुपारी ते उघडलं. त्याचे आकडे ओळीने आले. तो माझ्या खांद्यावरून वाकून एकेक वाचत होता, आणि काही ठिकाणी ओठ हलत होते.

दारात शेजारचा एक वांगीवाला पिशवी घेऊन कधीपासून उभा होता. मित्राने पिशवीत हात घातला, माती चुरली, हुंगली.

“पूर्ण वावराची हाय?”

“हाव.”

“खरं सांग बे.”

“अर्ध्याची हाय. तिकडं पाणी साचेल होतं.”

“मंग जा, बाकीची घेऊन ये. तोवर हे नाही लावत मी.”

वांगीवाला गेला. मी पाना-पेचकस पिशवीत भरले, वायरी गुंडाळल्या. माझं काम झालं होतं. मित्र चाळणी पुसत बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी चप्पल घातली. तो वळला नाही.

“किल्ली ढिली बसते,” मी म्हणालो. “धक्का लागू देऊ नका.”

“बरं,” तो म्हणाला.

बाहेर वांगीवाला फाटकाशी सायकल वळवत होता. त्याने मला विचारलं, “तुम्हीच का ते मशीनवाले? चालू झालं ना? आता बंद तं नाही पडत?”

मला हो म्हणता आलं असतं. मी त्याला सांगितलं की यंत्र जुनं आहे, पडू शकतं, आणि पडलं तर त्याला मला फोन लावायला सांग.